विमान नीट उडते, मग पंखाची फळी उलटी का हलते? सिम्युलेटरमधल्या मॉडेलची दुरुस्ती, सोप्या भाषेत

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने आकाशात झेप घेतली, आणि त्या दिवाळीच्या सुट्टीत नाशिकमधल्या माझ्या ओळखीच्या तीन-चार घरांतल्या मुलांनी संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवण्याचा आभास देणारी प्रणाली, बसवून घेतली. हौशी लोकांनी तयार केलेली वेगवेगळ्या विमानांची मॉडेल मुलांनी उतरवून घेतली, आणि चार दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. एकाच्या विमानाची चाके आत जाताना पोटाचे दार फोडून जात होती. एकाची पंखामागची फळी पंख सोडून हवेत तरंगत होती. एका मुलीने मला विचारले, "काका, मी डावीकडे वळते तेव्हा विमान बरोबर डावीकडे वळते, पण पंखावरच्या फळ्या उलट्या हलतात. मग विमान बरोबर की फळ्या बरोबर?"

तिच्या प्रश्नात या विषयाचा गाभा आला आहे. अशा बिघाडांना घाबरून पुष्कळ जण मॉडेल काढून टाकतात किंवा सगळे पुन्हा रेखाटायला बसतात. माझा अनुभव असा आहे की मॉडेलचा आकार सहसा निर्दोष असतो. चूक असते ती आकार आणि हालचाल यांना जोडणाऱ्या चार गोष्टींपैकी एकीत, म्हणजे आकडा, नाव, बिजागरी किंवा आस (ज्या रेषेभोवती भाग फिरतो ती) यांपैकी कशात तरी. चूक कशात आहे हे बिघाडाचे रूपच बहुतेक वेळा सांगते.

उडणारे विमान आणि दिसणारे विमान

सिम्युलेटरमध्ये एका विमानाच्या जागी खरे तर दोन विमाने असतात. पहिले विमान निव्वळ गणित असते. पंखाचे क्षेत्रफळ, वजन, इंजिनाचा जोर आणि हवेचा दाब यांच्या हिशेबावरून ते क्षणाक्षणाला ठरवते की विमान आता कुठे असेल आणि किती कललेले असेल. या गणिताला उड्डाणप्रतिमान म्हणतात. दुसरे विमान म्हणजे आपल्याला दिसणारे त्रिमितीय मॉडेल, अर्थात हजारो छोट्या त्रिकोणांनी बनवलेले पोकळ कवच. हे कवच स्वतः काहीच उडवत नाही. गणित सांगेल तिथे ते दाखवले जाते, एवढेच.

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन समजेल. सूत्रधाराची बोटे हलतात, दोरी ओढली जाते आणि बाहुलीचा हात वर जातो. बाहुलीच्या हाताची दोरी चुकून पायाला बांधली गेली, तरी सूत्रधाराच्या बोटांत काहीच बिघडलेले नसते. त्या मुलीच्या विमानात नेमके हेच झाले होते. गणित बरोबर होते म्हणून विमान डावीकडे वळत होते, आणि दोरी उलटी बांधली गेली होती म्हणून फळ्या उलट्या हलत होत्या.

दोरी बांधण्याच्या या कामाला ॲनिमेशन म्हणतात. फ्लाइटगियर या मोफत आणि मुक्त स्रोत सिम्युलेटरमध्ये ते एक्सएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असते. एक्स-प्लेनमध्ये ते मॉडेलच्याच फाइलीत असते, तर मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये हालचालीचा काही भाग मॉडेलमध्ये आणि काही सोबतच्या एक्सएमएल फाइलीत असतो. लिहिण्याची पद्धत वेगळी असली, तरी मजकूर सगळीकडे सारखाच असतो: अमुक नावाचा भाग, अमुक आकड्यानुसार, अमुक बिंदूतून जाणाऱ्या अमुक आसाभोवती, इतके अंश फिरवावा. पुढची उदाहरणे मी मुख्यतः फ्लाइटगियरची घेतो, कारण त्यातले सगळे उघडून पाहता येते.

आधी बरोबर म्हणजे काय ते ठरवावे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी खऱ्या विमानात काय घडते हे माहीत असले पाहिजे. विमान डावीकडे कलवायचे असेल, तर डाव्या पंखाच्या टोकाकडची मागची फळी वर जाते आणि उजवी खाली जाते. या फळ्यांना एलेरॉन म्हणतात. विमान चालवायची दांडी मागे ओढून नाक वर उचलायचे असेल, तर शेपटीच्या आडव्या फळीची, म्हणजे एलिव्हेटरची, मागची कड वर जाते. डाव्या पायाखालचे पेडल दाबले की शेपटीच्या उभ्या फळीची, म्हणजे रडरची, मागची कड डावीकडे वळते. एलिव्हेटरच्या बाबतीत नवख्यांचा हटकून गोंधळ होतो. नाक वर जायचे तर फळी खाली गेली पाहिजे असे वाटून काही जण बरोबर असलेले मॉडेल बिघडवून ठेवतात. मागची कड वर गेली की हवा शेपटीला खाली ढकलते आणि म्हणून नाक वर उचलले जाते, हे एकदा समजले की गोंधळ राहत नाही.

पहिला प्रश्न: आकडा हलतो का?

आपण दांडी हलवली की सिम्युलेटर आपल्या स्मृतीत नाव देऊन ठेवलेला एक आकडा बदलतो. फ्लाइटगियरमध्ये अशा आकड्याला प्रॉपर्टी म्हणतात आणि एक्स-प्लेनमध्ये डेटारेफ. एलेरॉनचा आकडा साधारणपणे उणे १ ते १ या मर्यादेत हलतो, चाकांचा आकडा ० ते १ या मर्यादेत: ० म्हणजे चाके आत आणि १ म्हणजे पूर्ण बाहेर.

एखादा भाग हलत नसेल, तर मॉडेलकडे वळण्याआधी हा आकडा पाहावा. फ्लाइटगियरमध्ये सिम्युलेटर चालू असतानाच सगळ्या प्रॉपर्टींची यादी उघडता येते. दांडी हलवली आणि आकडा जागचा हलला नाही, तर दोष मॉडेलचा नाही. मग दांडीची जोडणी किंवा विमानाची आतली यंत्रणा तपासावी लागते. सेस्ना १७२ या विमानाचे फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखामागून खाली येणाऱ्या फळ्या, विजेवर चालतात. चांगल्या मॉडेलमध्ये वीजयंत्रणेचेही गणित असते, त्यामुळे बॅटरीचे बटण बंद असेल तर फ्लॅप हलत नाहीत, आणि हलूही नयेत. एका मुलाने दोन संध्याकाळी खर्च करून फ्लॅपचे ॲनिमेशन तीनदा पुन्हा लिहिले, आणि शेवटी बॅटरी बंद असल्याचे लक्षात आले. ज्याला तो बिघाड समजला, ती त्या मॉडेल करणाऱ्याने मेहनतीने आणलेली अचूकता होती.

आकडा हलतो पण भाग हलत नाही, असे असेल तर दोरी सुटलेली आहे. तिथून खरे काम सुरू होते.

नावात एक बिंदूही जास्त चालत नाही

ॲनिमेशनच्या फाइलीत भागाचे जे नाव लिहिले असेल, तेच मॉडेलमध्ये असावे लागते, आणि इंग्रजी अक्षरांचा मोठे-लहानपणाही जुळावा लागतो. बहुतेक हौशी लोक मॉडेल ब्लेंडर या मोफत प्रणालीत करतात. ब्लेंडरमध्ये एकाच नावाच्या दोन वस्तू राहू शकत नाहीत. आपण एखाद्या भागाची नक्कल केली की ब्लेंडर तिच्या नावापुढे आपोआप एक बिंदू आणि ००१ असा आकडा जोडतो. पुढे मूळ भाग काढून टाकला जातो, नक्कल राहते, आणि ॲनिमेशनची फाइल मात्र जुन्याच नावाने हाक मारत राहते. पत्ता बरोबर आहे पण दारावरची पाटी बदलली आहे, तेव्हा टपाल जसे परत जाते तसेच हे आहे.

याच्या उलट प्रकारही होतो. दांडी हलवली की एलेरॉनसोबत पंखच फिरू लागतो. अशा वेळी मॉडेलमध्ये पंख आणि एलेरॉन एकाच वस्तूत मिसळले गेलेले असतात. ॲनिमेशन नावाच्या आत पाहू शकत नाही, त्या नावाखाली जे काही असेल ते सगळे फिरवते. ब्लेंडरमध्ये एलेरॉनचे त्रिकोण निवडून वेगळे करणे आणि त्यांना स्वतंत्र नाव देणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

आणि एकही भाग हलत नसेल, तर एकेक नाव तपासत बसू नये. एक्सएमएल फाइलीत उघडलेली प्रत्येक खूण बंद करावी लागते, आणि एखादी बंद करायची राहिली तर अख्खी फाइलच वाचली जात नाही. सिम्युलेटर आपली नोंदवही एका लॉग फाइलीत लिहीत असतो, आणि चूक कोणत्या ओळीवर आहे ते बहुधा तिथे सापडते. ही नोंदवही वाचायची सवय मुलांना सुरुवातीलाच लावावी असे मला मनापासून वाटते, कारण तासन्‌तास अंदाज बांधण्याचे काम ती एका ओळीत करते.

बिजागरी चुकली की फळी उडते

आता सर्वांत जास्त आढळणारा बिघाड पाहू. एलेरॉन हलतो, दिशाही बरोबर असते, पण तो पंखापासून सुटून वर-खाली झोके घेतो.

आपल्या घराच्या दाराला बिजागऱ्या चौकटीपाशी असतात, म्हणून दार उघडले तरी चौकट सोडत नाही. हेच दार दोन मीटर लांबच्या एखाद्या खांबाला लांब काठीने बांधले आणि खांबाभोवती फिरवले, तर दार उघडणार नाही, ते सगळेच्या सगळे चौकटीतून निघून अंगणात जाईल. फळी ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदू ॲनिमेशनच्या फाइलीत लिहिलाच नसेल, तर सिम्युलेटर तो शून्य स्थानी, म्हणजे मॉडेलच्या आरंभबिंदूवर धरतो. हा आरंभबिंदू विमानाच्या नाकावर किंवा मध्यावर कुठेतरी असतो. एलेरॉनची खरी बिजागरी त्यापासून दोन मीटर मागे असेल आणि फळी २० अंश फिरली, तर ती आपल्या जागेवरून सुमारे ७० सेंटिमीटर सरकते. चूक फक्त तीन आकडे न लिहिण्याची असते, पण पडद्यावर फळी हवेत तरंगताना दिसते.

ते तीन आकडे म्हणजे बिजागरीचे मागे-पुढे, डावे-उजवे आणि वर-खाली असे स्थान. ब्लेंडरमध्ये एलेरॉनच्या पुढच्या कडेवरचा एक बिंदू निवडला की ते वाचता येतात. इथे एक गोष्ट लक्षात घेतली की काम पुष्कळ सोपे होते: बिंदू बिजागरीच्या रेषेवर कुठेही घेतला तरी चालतो. दाराला वरची बिजागरी धरली काय आणि खालची धरली काय, दार एकाच रेषेभोवती फिरते. त्यामुळे एलेरॉनचा नेमका मध्य शोधत बसण्याची गरज नाही. रेषा मात्र सोडता येत नाही.

आकडे लिहूनही फळी उडत असेल, तर दोन शंका घ्याव्यात. पहिली शंका मापाची. फ्लाइटगियरमध्ये ॲनिमेशनचे स्थान मीटरमध्ये लिहितात, पण जेएसबीसिम या उड्डाणप्रतिमानाच्या फाइलींत स्थाने बहुधा इंचांत असतात. एक मीटर म्हणजे सुमारे ३९.३७ इंच. चाकांचे स्थान तिथून जसेच्या तसे उचलून इथे चिकटवले, तर बिजागरी विमानापासून शंभर-दीडशे मीटर दूर जाते, आणि चाके आत घेताच नाहीशी होतात. शिवाय दोन्ही फाइलींचा आरंभबिंदू एकच असेल याचीही खात्री नसते.

दुसरी शंका दिशांची. ब्लेंडर आणि फ्लाइटगियर उंची मोजायला झेड हे अक्षर वापरतात. एसी३डी या जुन्या मॉडेल-स्वरूपात, एक्स-प्लेनमध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिम्युलेटरने वापरलेल्या जीएलटीएफ स्वरूपात उंचीसाठी वाय असते. एका ठिकाणी वाचलेला आकडा दुसरीकडे लिहिताना उंची आणि बाजू यांची अदलाबदल झाली, तर बिजागरी पंखाऐवजी आकाशात लागते. फळी किती सरकली त्यापेक्षा ती कोणत्या दिशेने सरकली हे पाहिल्यास ही चूक लवकर उमगते.

आस तिरपा असतो, आपण तो सरळ धरतो

बैलगाडीची दोन्ही चाके ज्याभोवती फिरतात तो आस. पाठ्यपुस्तकांत त्याला अक्ष म्हणतात. बिजागरी कुठे आहे हे बिंदू सांगतो, आणि ती कोणत्या दिशेने बसवली आहे हे आस सांगतो. एलेरॉनचा आस विमानाला बरोबर काटकोनात आहे असे धरून लिहिले, तर फळी हलते, पण तिचे एक टोक पंखात घुसते आणि दुसऱ्या टोकाशी फट पडते. कारण पुष्कळ विमानांत पंख मागे कललेला असतो, टोकाकडे निमुळता होतो आणि बहुधा थोडा वर किंवा खालीही झुकलेला असतो. बिजागरी त्याच्यासोबतच तिरपी असते.

इथे आसाचे तिरकेपण अंशांत मोजत बसण्यापेक्षा फ्लाइटगियरमधली एक सोय वापरणे मला नेहमीच योग्य वाटते. बिजागरीच्या रेषेवरचे दोन बिंदू, एक आतल्या टोकाचा आणि एक बाहेरच्या टोकाचा, लिहून दिले की त्यांतून जाणारी रेषा सिम्युलेटर स्वतः काढतो. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे शाळेत शिकलेले सत्य इथे कामी येते.

आस तिरपा असणे किती महत्त्वाचे असू शकते याचे उत्तम उदाहरण आपल्या ओझरमध्येच तयार झालेले आहे. सुखोई-३०एमकेआय या विमानाच्या इंजिनांची मागची तोंडे हलतात आणि झोताची दिशा बदलतात. प्रत्येक तोंड एकाच प्रतलात १५ अंशांपर्यंत वर-खाली होते, पण ही प्रतले सरळ उभी नसून ३२ अंशांनी बाहेर कललेली आहेत. त्यामुळे दोन्ही तोंडे एकत्र हलली की नाक वर-खाली होते, आणि वेगवेगळी हलली की विमान वळायला आणि कलायलाही मदत होते. मॉडेलमध्ये कुणी ही तोंडे सरळ वर-खाली हलवली, तर ती हलताना दिसतील, पण ते सुखोई राहणार नाही. ज्यांच्या घरातल्या माणसांनी ही विमाने जोडली, अशा मुलांनी तरी हे तिरकेपण अचूक आणावे, अशी माझी इच्छा आहे.

फळी उलट्या दिशेने हलत असेल, तर आसाची दिशा उलटी असते किंवा आकड्याचे चिन्ह उलटे असते. उजव्या हाताचा अंगठा आसाच्या दिशेने धरला की बोटे ज्या बाजूला वळतात ती सहसा धन फिरण्याची दिशा मानतात. दोन बिंदूंचा क्रम बदलला की आस उलटा होतो, आणि तेवढ्याने दुरुस्ती होते.

पण एक बारकावा आहे. पुष्कळ जण डावा पंख रेखाटतात आणि आरशातल्या प्रतिबिंबासारखा उजवा करून घेतात. आरसा आपल्या बाजूला ठेवून हात समोर घड्याळाच्या दिशेने फिरवला, तर आरशातला हात उलट्या दिशेने फिरताना दिसतो. अशा प्रतिबिंबात फिरण्याची दिशा पालटते. ब्लेंडरमध्ये अशा पंखाच्या मापात उणे चिन्ह लपून राहते, आणि ते तसेच ठेवून मॉडेल बाहेर काढले की एकच बाजू उलटी चालते. यावर उपाय म्हणजे बाहेर काढण्यापूर्वी वस्तूचे फिरवणे आणि मापे कायमची लागू करणे. ब्लेंडरमध्ये त्यासाठी एक साधी आज्ञा आहे, आणि त्यानंतर त्रिकोणांची तोंडे आतल्या बाजूला वळली नाहीत ना, तेही पाहावे.

किती हलावे?

उणे १ ते १ हा आकडा अंश नव्हे. त्याला २० ने गुणले तर फळी २० अंश वर आणि २० अंश खाली जाईल. खऱ्या विमानात मात्र दोन्हीकडची मर्यादा सारखी असेलच असे नाही. सेस्ना १७२ चा एलेरॉन २० अंश वर जातो आणि १५ अंशच खाली येतो. अशा वेळी गुणाकाराऐवजी तक्ता देतात: आकडा उणे १ असताना इतके अंश, ० असताना शून्य, १ असताना इतके. मधले आकडे सिम्युलेटर स्वतः भरतो.

एक फसवा बिघाड इथे सांगायलाच हवा. काही वेळा भाग हलतच नाही असे वाटते, पण तो हलत असतो. गणिताची बाजू कोन पुष्कळदा रेडियन या मापात देते. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश, म्हणजेच २० अंश म्हणजे सुमारे ०.३५ रेडियन. ॲनिमेशनने हा ०.३५ अंश समजला, तर फळी केसभर हलते आणि डोळ्याला दिसत नाही. नाव तपासले, आकडा तपासला, सगळे ठीक आहे आणि तरीही हालचाल नाही, तर गुणक मुद्दाम शंभरपट करून पाहावा. भाग एकदम गरकन फिरला, तर दोष मापाचा होता.

चाके दार फोडून आत जाण्याचा बिघाडही तक्त्याचाच असतो. ० ते १ हा एकच आकडा दार आणि चाक या दोघांना हलवतो, पण दोघांनी एकाच वेळी हलायचे नसते. आधी दार उघडावे, मग चाकाचा पाय हलावा आणि पुष्कळ विमानांत शेवटी दार पुन्हा मिटावे. म्हणून दाराच्या तक्त्यात ० ते ०.२५ दरम्यान दार उघडते, ०.७५ पर्यंत उघडे राहते आणि १ ला मिटते. पायाच्या तक्त्यात ०.२५ पर्यंत काहीच होत नाही, ०.७५ ला हालचाल पूर्ण होते आणि पुढे पाय स्थिर राहतो. बस थांबल्यावर आधी दार उघडते आणि मग माणसे उतरतात, तसाच हा क्रम आहे. हा तक्ता लिहिताना मॉडेल कोणत्या स्थितीत रेखाटले आहे हे विसरू नये. चाके बाहेर असलेले मॉडेल असेल तर १ या आकड्याला शून्य अंश लिहावे लागतात, ० ला नव्हे.

भागावर बसलेला भाग

आता थोडा कठीण भाग. मिग-२७ हे विमानही नाशिकला तयार होत असे आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये ते हवाई दलातून निवृत्त झाले. त्याचे पंख उडताना मागे वळत. १६, ४५ आणि ७२ अंश अशा त्याच्या तीन मुख्य स्थिती होत्या. पंख मागे वळला की त्याच्यावरच्या फळ्यांची बिजागरीही त्याच्यासोबत वळते. फळीला पंखाचे अपत्य न करता स्वतंत्र ठेवले, तर पंख मागे जातो आणि फळी जुन्याच जागी हवेत राहते. म्हणून फळी, पंख आणि धड यांची एक वंशावळ बांधावी लागते: धड हलले की पंख हलतो, पंख हलला की फळी हलते.

याच वंशावळीत दुसरी चूकही होते. पंख फिरवण्याची आज्ञा पंखाला आणि फळीला दोघांना दिली, तर फळी दुप्पट फिरते. एखादा भाग अपेक्षेपेक्षा नेमका दुप्पट हलत असेल, तर गुणकाकडे जाण्याआधी वंशावळ पाहावी.

सरकणे आणि फिरणे दोन्ही करणाऱ्या भागात क्रमही महत्त्वाचा असतो. रविवार कारंजापाशी उभे राहून दहा पावले चालून उजवीकडे वळणे आणि आधी उजवीकडे वळून दहा पावले चालणे, यांत आपण दोन वेगळ्या ठिकाणी पोहोचतो. फ्लॅप मागे सरकून खाली वळतात तेव्हा तेच होते. आज्ञांचा क्रम बदलून पाहणे ही अशा वेळची पहिली चाचणी आहे.

तेजसला आडवी शेपूट नाही. त्रिकोणी पंखाच्या मागच्या फळ्याच एलिव्हेटर आणि एलेरॉन अशी दोन्ही कामे करतात, म्हणून त्यांना एलेव्हॉन म्हणतात. नाक वर करायचे तर दोन्ही बाजूंच्या फळ्या वर जातात, कलायचे तर एक वर आणि एक खाली जाते, आणि दोन्ही एकदम करायचे तर दोन्ही हालचालींची बेरीज होते. मॉडेल करणाऱ्याने फळीला फक्त एलेरॉनचा आकडा जोडला, तर विमान नाक उचलते पण फळी स्थिर राहते. एकाच आसावर दोन ॲनिमेशन एकापाठोपाठ लिहिली की कोन आपोआप मिळवले जातात. फक्त बेरीज खऱ्या मर्यादेबाहेर जात नाही ना, हे पाहावे लागते.

पंखा थांबल्यासारखा का दिसतो?

हा बिघाड नाही, तरी सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. विमानाचा तीन पात्यांचा पंखा (प्रोपेलर) मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे होतात. पडदा सेकंदाला ३० चित्रे दाखवत असेल, तर एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत पंखा ४८० अंश फिरतो, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर १२० अंश. तीन सारखी पाती १२० अंशांवरच बसवलेली असतात, त्यामुळे प्रत्येक चित्र आधीच्यासारखेच दिसते आणि पंखा जागच्या जागी थिजल्यासारखा वाटतो. वेग किंचित कमी झाला की तोच पंखा उलटा फिरताना दिसतो. म्हणून मॉडेलमध्ये कमी वेगाला खरी पाती दाखवतात आणि ठरावीक वेगानंतर ती लपवून धूसर अर्धपारदर्शक चकती दाखवतात. पाती आणि चकती दोन्ही एकदम दिसत असतील, किंवा दोन्ही गायब होत असतील, तर त्यांना दाखवण्या-लपवण्याच्या अटींतले आकडे जुळत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी?

फळी उलटी हलली तरी विमान नीट उडते, मग दुरुस्ती कशाला, असा आक्षेप पालक घेतात. माझे उत्तर असे की मुले या फळ्या पाहूनच विमान कसे वळते ते शिकतात. उलटी हालचाल रोज पाहणारे मूल उलटेच शिकते, आणि डोळ्यांत बसलेली चूक पुसायला फार वेळ लागतो.

प्रोग्रामिंग यावे लागते का, हा दुसरा प्रश्न. फळ्या, चाके आणि फ्लॅप यांच्या दुरुस्तीला लागत नाही. साधा मजकूर लिहिता येणारा संपादक, ब्लेंडरमध्ये बिंदू निवडून त्याचे स्थान वाचण्याची सवय आणि आठवी-नववीची भूमिती एवढे पुरते. गुंतागुंतीचा क्रम असेल किंवा हेलिकॉप्टरच्या पात्यांची हालचाल दाखवायची असेल, तर पुढचे शिकावे लागते. नाशिक रोडच्या आकाशात रोज हेलिकॉप्टर पाहणाऱ्या मुलांना तिकडे ओढ वाटणे स्वाभाविक आहे, पण सुरुवात एलेरॉनपासून करावी.

दुसऱ्याने केलेले मॉडेल बदलणे योग्य आहे का, हेही विचारले जाते आणि विचारलेच पाहिजे. फ्लाइटगियरच्या अधिकृत संग्रहातली विमाने जीपीएल या परवान्याखाली आहेत. तो परवाना बदल करण्याची आणि बदललेली प्रत वाटण्याची मुभा देतो, पण मूळ कर्त्याचे नाव आणि परवान्याचा मजकूर काढू देत नाही. विकत घेतलेल्या मॉडेलच्या अटी वेगळ्या असतात, आणि त्या वाचल्याशिवाय बदललेली फाइल कुणाला देऊ नये. दुरुस्ती झाली की ती मूळ कर्त्याला कळवणे मला तितकेच आवश्यक वाटते.

काम करताना मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवावी आणि एका वेळी एकच आकडा बदलावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर कशाने गेला हे कळत नाही, आणि गेला नाही तर दोनपैकी एक नवी चूक झाली आहे का, हेही कळत नाही. त्या मुलीच्या विमानात आम्ही आसाच्या दोन बिंदूंचा क्रम बदलला आणि डावी फळी बरोबर चालू लागली, पण उजवी तशीच उलटी राहिली. मग तिनेच ब्लेंडर उघडले, उजव्या पंखाच्या मापातले उणे चिन्ह शोधले, मापे लागू केली, मॉडेल पुन्हा बाहेर काढले आणि धावपट्टीवर विमान उभे करून दांडी डावीकडे पूर्ण दाबली. डावी फळी वर गेली, उजवी खाली आली. तिने दांडी तशीच धरून मागे ओढली आणि शेपटीकडे पाहायला कॅमेरा वळवला.